कवीच्या बाजूला वादक बसला की शब्द कुठे जातो?

जुवारीकाठ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे, आज सवड काढून लिहितो.

आपल्याकडे कवितेचा मंच बदललाय. टेबलावर पांढरी चादर, फुलदाणी, सूत्रसंचालक आणि क्रमाने उठून दोन-दोन कविता वाचणारे कवी, हे कविसंमेलन अजून आहेच आणि ते राहावं. पण पणजी, म्हापसा, मडगाव भागात आता दुसराही प्रकार रुजतोय. एकच कवी तासभर उभा राहतो, कागद न घेता बोलतो. बाजूला गिटार किंवा बासरी असते, मागे पडद्यावर चित्रं, नाहीतर एखादा चित्रकार तिथेच कॅनव्हासवर रंगवत असतो. कॉलेजातली मुलं याला सरळ स्पोकन वर्ड म्हणतात. डिसेंबरातला सेरेंडिपिटी महोत्सव, आल्तिनोवरचं सुनापरान्त, पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा, अशा ठिकाणांमुळे कवी, वादक आणि चित्रकार एकमेकांना भेटू तरी लागले. पूर्वी ही तिन्ही माणसं आपापल्या गावात आपापलं काम करत बसायची.

मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणूनच लिहावंसं वाटलं. मागच्या पावसाळ्यात अशाच एका कार्यक्रमाला गेलो होतो. कवी चांगला, त्याचे दोन्ही संग्रह माझ्याकडे आहेत. गिटारवाला तर फारच तयारीचा. पण कवी एखाद्या शब्दापाशी थांबला रे थांबला की गिटारवाला ती जागा भरून काढायचा. ते थांबणं कवितेतलंच होतं. ओळ संपली, पुढची सुरू व्हायच्या आधी ऐकणाऱ्याने एक श्वास घ्यावा म्हणून कवीने ठेवलेली जागा. ती प्रत्येक वेळी सुरांनी बुजली. घरी जाताना मला धून आठवत होती, कवितेतलं काहीही आठवत नव्हतं.

मी बोरीचा. आमच्या गावचं नाव घेतलं की लोक बाकीबाबांचं नाव घेतात. बा. भ. बोरकर, जन्म १९१०, मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिणारे. ते कविता वाचून दाखवत नसत, गाऊन म्हणत, हे त्यांना ऐकलेला प्रत्येक जण सांगतो. माझ्या वडिलांनी त्यांना ऐकलं होतं. वडिलांना त्या कविता चालीसकट पाठ होत्या, पण ती चाल गाण्याची नव्हती. कवितेच्या वृत्तातूनच निघालेली, शब्दाला कुठेही न ओढणारी. पुढे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी बोरकरांच्या कवितांचं जाहीर वाचन केलं, त्यात तर नुसतं म्हणणंच होतं, आणि लोक जागचे हलत नसत.

म्हणजे एका बाजूला ही परंपरा. दुसऱ्या बाजूला दीनानाथ मंगेशकर, केसरबाई, मोगूबाई, खाप्रुमामा यांचा हा प्रदेश. इथे कवी आणि वादक एकत्र आले तर काहीतरी विलक्षण व्हायला हवं. माझं मत थोडक्यात असं आहे की वादकाला कविता पाठ असल्याशिवाय त्याने कवीच्या शेजारी बसू नये. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. फोंड्यात आम्ही चार-पाच जण असा एक छोटा कार्यक्रम बसवायच्या विचारात आहोत, तेव्हा सूचना उपयोगी पडतीलच.

म्हार्दोळचो भट

छान धागा. वादकाला कविता पाठ हवी, याला शंभर टक्के अनुमोदन.

आमच्याकडे देवळात कीर्तन ऐकत मोठा झालो. पेटी आणि तबला दोन्ही असतात, पण बुवा निरूपण करत असताना पेटीवाला भात्यावरून हात काढून बसतो. आर्या किंवा साकी म्हणायची वेळ आली की बुवा नुसती नजर टाकतात आणि सूर लागतो. कुणी ताल मोजून सांगत नाही. बुवांचं आख्यान पेटीवाल्याने शंभर वेळा ऐकलेलं असतं, हेच कारण.

अबोली_केपें

वाचतेय. एक भर घालते.

आपण मंचाचं बोलतोय, पण आमच्या गावात पौषात धालो असतात, तिथे मंच नाही की वादक नाही. मांडावर बायका समोरासमोर दोन ओळी करून उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून. एक ओळ गात पुढे येते, वाकते, मागे जाते, मग दुसरी. ताल सगळा पावलांत. माझी आजी म्हणायची की पाऊल चुकलं की शब्दही चुकतो. रात्री उशिरापर्यंत चालतं आणि एकीच्याही हातात कागद नसतो.

शब्द आणि लय एकाच शरीरात असले की कोण कुणावर कुरघोडी करतो हा प्रश्नच येत नाही. कवीने वादकाबरोबर बसण्याआधी आपली कविता चालत चालत म्हणून बघावी. मी स्वतः कविता लिहिते, कुळागरात, म्हणजे आमच्या माड-पोफळीच्या बागेत, फेऱ्या मारत म्हणते. जी ओळ पावलांवर बसत नाही तिच्यात काहीतरी जास्तीचं असतं. बहुधा विशेषण.

मुक्तछंदी

मी वेगळं मत मांडतो, कृपया राग मानू नका.

शब्द ऐकू आलाच पाहिजे, वादकाने मागे राहिलंच पाहिजे, हा आग्रह मला जुन्या भावगीताच्या चौकटीतला वाटतो. तिथे वाद्यवृंद शब्दाची पालखी वाहतो. आमच्या पिढीला वादक बरोबरीचा हवा आहे. तो कवितेशी भांडेल, तिला अडवेल, कधी झाकूनही टाकेल. गर्दीत, बसमध्ये, पावसात माणसाचं बोलणं अर्धवटच ऐकू येतं. त्या अर्धवटपणाची कविता असू शकत नाही का?

आणि चित्र, संगीत, शब्द वेगवेगळ्या माणसांचे असलेच पाहिजेत असंही नाही. अरुण कोलटकर घ्या. जे. जे. मध्ये शिकलेला चित्रकार, जाहिरात क्षेत्रातला नावाजलेला ग्राफिक डिझायनर, मराठी आणि इंग्रजी दोन्हींतला कवी, आणि अर्जुन शेजवळांकडे रीतसर पखवाज शिकलेला. स्वतः इंग्रजी गाणीही रचली. त्यांच्या कवितेतली बोलण्याची लय पखवाजाच्या बोलांशिवाय मला समजूच शकत नाही. दिलीप चित्रे कवी, चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक. या लोकांनी कलांमधले दरवाजे उघडले, आणि आपण परत वादकाला हातातली वाद्यं खाली ठेवून बस म्हणायचं?

जुवारीकाठ

@मुक्तछंदी, राग कसला, अशाच प्रतिसादासाठी धागा काढला. कोलटकरांचं उदाहरण मात्र माझ्या बाजूचं वाटतं. पखवाज शिकलेल्या कवीला बोल कुठे मोकळा ठेवायचा हे हातातून कळलेलं असतं. बरोबरीचा वादक मलाही हवाच आहे, पण बरोबरी करायची तर दोघांनाही कविता माहीत पाहिजे. मी ज्या कार्यक्रमाबद्दल लिहिलं तिथे भांडण नव्हतंच. भांडायला समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

तालमात्रा

तबला वाजवतो, गेली बरीच वर्षं भजनात आणि नाटकात साथ केली आहे. थोडं तांत्रिक लिहितो, सांभाळून घ्या.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'मी त्या घरात परत कधीच गेलो' इथपर्यंत आल्यावर, पुढे 'नाही' आहे की नाही यावर सगळा अर्थ. आता वादकाची सवय काय असते? ओळीचा शेवट आला की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, जोरात यायचं, जमलं तर तिहाई मारून, एकच तुकडा तीनदा वाजवून, यायचं. म्हणजे कवितेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द आणि तबलजीचा सर्वांत मोठा आवाज एकाच क्षणी येतात. शब्द हरतो. हे मी स्वतः लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, शेवटच्या शब्दाला मान पुढे काढून ऐकू पाहणारी पहिली रांग. त्यामुळे कवितेला साथ करताना मी समेवर डग्गा, म्हणजे खर्जाचा तबला, मोकळा सोडत नाही, तळव्याने दाबून ठेवतो, आणि जो काही जोर लावायचा तो ओळ संपल्यावर, पुढच्या ओळीच्या आधी.

दुसरी गोष्ट वृत्ताची. 'कवितेला कुठलाही ठेका चालतो' असं समजून आठ मात्रांचा कहरवा लावून देतात, ते बरोबर नाही. अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण आठ मात्रांत सहज बसतात, कारण चरणाचं शेवटचं अक्षर लांबवायला जागा असते. भजनी ठेका त्यासाठीच मुरलेला आहे. पादाकुलकाच्या सोळा मात्रा, आठ-आठ, तिथेही अडचण नाही. पण भुजंगप्रयात घ्या, मनाचे श्लोक ज्यात आहेत ते. लघु-गुरु-गुरु असा गण चार वेळा, म्हणजे पाच-पाच मात्रांचे चार तुकडे. त्याला आठ मात्रांचा ठेका लावला की शब्द कुठेतरी ताणावे लागतात आणि कुठेतरी चेपावे लागतात. दहा मात्रांचा झपताल लावून बघा, एका चरणाला बरोबर दोन आवर्तनं, कवीला काही करावंच लागत नाही. दिंडीच्या एकोणीस मात्रा, नऊ आणि दहा. तिचं वळण वेगळंच, तिला म्हणून पाहिल्याशिवाय ठेका ठरवूच नये.

मुक्तछंद असेल तर मी हात जोडतो आणि तबला बाजूला ठेवतो. तिथे तानपुरा चालतो, एखादा लांब सूर चालतो, चालू ठेका चालत नाही. मुक्तछंदातली लय श्वासाची असते, दर ओळीला बदलते. ठेका लावला की कवी नकळत त्या ठेक्यावर वाचायला लागतो, आणि मग सगळ्या ओळी एकाच मापाच्या वाटायला लागतात.

वाद्यांचं म्हणाल तर पेटी सर्वांत धोक्याची, कारण तिचा आवाज माणसाच्या आवाजाच्याच पट्टीत राहतो. दोघं एकाच दारातून आत यायला बघतात. पखवाज खाली राहतो, बासरी वरच्या सप्तकात ठेवली तर वर राहते, मधली जागा कवीला मिळते. आणि मायकाला अगदी ओठ लावून बोलू नका, आवाजातला खर्ज फुगतो आणि व्यंजनं पुसट होतात. वीतभर अंतर पुरे.

म्हार्दोळचो भट

@तालमात्रा, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. क्रियापदाचा मुद्दा इतकी वर्षं समोर होता आणि कधी लक्षात आला नव्हता.

अवांतर : अभिषेकीबुवांनी नाट्यपदांचा विस्तार आटोपशीर ठेवला, त्यामागेही शब्द आणि प्रसंग हरवू नये हाच विचार असणार. बुवा मंगेशीचे, घरात कीर्तनाची परंपरा, शिवाय संस्कृतचा अभ्यास. कवितेची जाण असलेला संगीतकार म्हणजे काय ते तिथे दिसतं.

आके_मडगाव

तियात्राबद्दल, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी गाण्यांच्या नाटकाबद्दल, कुणीच काही लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण तियात्राला जात नाहीत, ही मला खंत आहे. मी लहानपणापासून शेजाऱ्यांबरोबर जातो.

पहिला तियात्र १८९२ मध्ये मुंबईत झाला, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे लोक एकच कसब घोटत आलेत : हजार माणसांना शब्द न् शब्द कळला पाहिजे. कांतार, म्हणजे तियात्रातलं गाणं, सुरू होण्याआधी बँड जोरात वाजतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम, सगळं. गायकाने तोंड उघडलं की बँड एकदम खाली. राजकीय कांतार असेल तर शेवटच्या दोन ओळींना जवळजवळ नुसता ड्रमचा काठ वाजतो, टोला बसतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले की परत बँड वर. टाळ्यांची जागा बँडवाल्यांना आधीच माहीत असते. हे सगळं तालमीत ठरतं. मुक्तछंदीबाबांना बरोबरीचा वादक हवाय ना, तो इथे आहे. तो गप्प बसतो तेव्हाही वाजवतच असतो.

आणि कवी-गायक एकत्र आल्यावर काय होऊ शकतं याचं गोव्यातलं सर्वांत मोठं उदाहरण १९६७ च्या जनमत कौलाचं, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरच्या. १६ जानेवारीच्या त्या मतदानाबद्दल आपल्यातल्या कुणाचं काहीही मत असो, आमच्या घरातही दोन मतं होती. पण उल्हास बुयांव यांनी गावोगाव गायलेली गाणी, त्यामागे मनोहरराय सरदेसायांसारख्या कवींचे शब्द, हे लोकांच्या तोंडी बसलं. मनोहरराय सॉर्बोनमधून डॉक्टरेट घेऊन आलेले, फ्रेंचचे पंडित, आणि कविता इतकी साधी की मासळीबाजारात उभं राहून म्हणावी. विलीनीकरणाच्या बाजूचे जे माझे काका होते तेही ती गाणी गुणगुणायचे.

पावसाळी_लंडन

मूळची डिचोलीची, आता नोकरीमुळे लंडनला. इथला एक अनुभव सांगण्यासारखा आहे.

लिंटन क्वेसी जॉन्सन हे नाव कदाचित काहींनी ऐकलं असेल. जन्म १९५२, जमैकातला. अकराव्या वर्षी आईकडे लंडनला आला. सत्तरच्या दशकात इथे काळ्या पोरांना पोलीस नुसत्या संशयावरून उचलत असत, त्या काळात त्याने घरात बोलली जाते त्या जमैकन बोलीत कविता लिहिल्या, प्रमाण इंग्रजीत लिहिल्या नाहीत. ढोलवाल्यांबरोबर म्हणून पाहिल्या. मग डेनिस बोव्हेल या बार्बाडोसहून आलेल्या संगीतकाराबरोबर रेकॉर्ड काढली, १९७८ साली. रेगेच्या ठेक्यावर तो गात नाही, बोलतो. संथ, जवळजवळ एकाच सुरात, शाळेचे मास्तर हजेरी घेतात तशा आवाजात. खाली बास गिटार चालते. याला डब पोएट्री म्हणतात. २००२ मध्ये पेंग्विनच्या मॉडर्न क्लासिक्स मालिकेत त्याची निवडक कविता आली. त्या मालिकेत हयातीत स्थान मिळालेला तो दुसराच कवी आणि पहिला कृष्णवर्णीय.

मला सांगायचं ते पुढे आहे. हाच माणूस वाद्यांशिवायही कार्यक्रम करतो, नुसता माणूस आणि मायक. १९९६ मध्ये तशी एक रेकॉर्डही काढली. दोन्ही ऐकून बघा. बँड काढून घेतल्यावर कविता लंगडत नाही, कारण बासची चाल शब्दांतच आहे. आणि बँड असतो तेव्हा बोव्हेल कवितेच्या मध्ये येत नाही. ज्या जागा कवीने सोडल्यात तिथे तो थोडा प्रतिध्वनी सोडतो आणि निघून जातो.

जुवारीकाठ, तुमच्या कार्यक्रमासाठी मला एवढंच सुचतं : प्रत्येक कविता आधी वाद्यांशिवाय अनोळखी माणसांसमोर म्हणून बघा. जी पडेल ती वाद्यांनी उठणार नाही.

मुक्तछंदी

@पावसाळी_लंडन, ऐकतोय कालपासून. पटलं. विशेषतः बोलीचा मुद्दा. मी स्वतः पेडण्याचा, घरात जे बोलतो ते कवितेत आणायला लाजत होतो, पुण्याच्या मासिकांना कसं वाटेल म्हणून.

पण अर्धवट ऐकू येण्याचा माझा मुद्दा अजून सोडलेला नाही. एका कवितेपुरता तरी तो प्रयोग करून बघायला हवा.

तालमात्रा

करू की. एक कविता अशी ठेवा की तीत मी मुद्दाम शब्द झाकेन. पण मग बाकीच्या सगळ्या स्वच्छ ऐकू आल्या पाहिजेत, तरच ते झाकणं लोकांना जाणवेल.

रंगरेषा

चित्रकारांच्या वतीने कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलते.

मंचावर चालू कवितेत चित्र काढायला मला अनेकदा बोलावलं गेलंय आणि आता मी नाही म्हणते. कारण साधं आहे. माणसाची नजर हलणाऱ्या हाताकडे जाते. कवी काही म्हणत असला तरी लोक 'आता ही काय काढणार' हेच बघत बसतात. निळा रंग घेतला की आकाश की समुद्र, असा कोडं सोडवल्यासारखा खेळ सुरू होतो आणि कविता मागे वाजणाऱ्या रेडिओसारखी होते. चित्राचंही नुकसान होतं. तासाभरात, दिव्यांच्या झोतात, लोकांना ओळखू येईल असं काढावं लागतं, म्हणजे माणसाचा चेहरा, माड, होडी. माझं खरं काम तसं नाहीच.

लक्ष्मण पै आपल्या मडगावचे. गोवा कला महाविद्यालयाचे दहा वर्षं प्राचार्य होते. त्यांनी रागांवर चित्रमालिका केली, गीतगोविंदावर केली. स्वतः सतार वाजवत. त्या चित्रांत गाणारा माणूस काढून दाखवलेला नसतो, रेषाच तशी वळते. हे काम ऐकून, मुरवून, मग एकट्याने बसून केलेलं आहे. कविता आणि चित्र एकत्र आणायचं तर चित्रकाराला कवितेची वही तीन-चार महिने आधी द्या. चित्र तयार होऊ दे. कार्यक्रमात ते एका बाजूला झाकून ठेवा, एखाद्या कवितेनंतर उघडा आणि मिनिटभर कुणी काही बोलू नका, वाजवू नका. लोक बघतात, खरंच बघतात. मी एकदा असं केलंय, तेव्हा मागच्या रांगेतले लोक उठून पुढे आले होते.

पडद्यावर फोटो फिरवू नका, ही हात जोडून विनंती. पावसाच्या कवितेला पावसाचा फोटो लावला की कवीने केलेली सगळी मेहनत वाया.

अबोली_केपें

@रंगरेषा +१. शेवटच्या परिच्छेदाला +१००.

आके_मडगाव

घुमटाचं राहिलंच. फोंड्यातला कार्यक्रम आहे आणि घुमट नाही असं करू नका. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण चतुर्थीच्या आरत्या सोडल्या तर मराठी कार्यक्रमांत ते दिसत नाही. मांडो या कोंकणी गाण्यात व्हायोलिनबरोबर आणि आरतीत शामेळ (चर्मवाद्य) व कासाळ्यांबरोबर (झांजा), दोन्हीकडे तितक्याच सहजतेने वाजणारं हे वाद्य आहे. हिंदू आणि ख्रिश्चन, दोघांच्या घरात टांगलेलं.

जुवारीकाठ

घुमट माझ्या मनात होतंच. चुलतभाऊ आमच्या वाड्यावरच्या आरती पथकात वाजवतो. परवा त्याला घरी बोलावून एक कविता त्याच्यासमोर म्हणून बघितली. ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीचं मडक्यासारखं भांडं, दोन्ही तोंडं उघडी, मोठ्या तोंडाला चामडं ताणून बसवलेलं. पूर्वी घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यावर बंदी आली, आता शेळीचं वापरतात. उजव्या हाताच्या बोटांनी चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या हाताचा तळवा मागच्या लहान तोंडावर उघडझाप करायचा. सगळी गंमत त्या डाव्या हातात. तळवा काढला की हवा सुटते आणि आवाज लांबतो, झाकला की गिळल्यासारखा आखूड होतो.

खोली लहान होती. पहिल्यांदा त्याने आरतीत वाजवतात तसं वाजवलं तर मला माझाच आवाज ऐकू येईना. मग मी त्याला कवितेचा कागद दिला आणि म्हटलं, जिथे मी थांबतो तिथे पेन्सिलीने खूण कर, आणि खुणेवरच तळवा उघड, एरवी झाकून ठेव. चौथ्या वेळी जमलं. माझ्या ओळीखाली त्याचा आवाज आखूड, कोरडा, आणि ओळ संपली की एकच लांब घुमणारा ठोका. तालमात्रा जे डग्ग्याबद्दल म्हणतात तेच, फक्त मातीत. कागद जपून ठेवलाय, त्यावर माझ्या शब्दांपेक्षा त्याच्या खुणा जास्त आहेत.

कागदपत्रे

वकिली करतो, म्हणून एक व्यावहारिक मुद्दा. कार्यक्रमात बोरकरांच्या कविता घेणार असाल तर परवानगीचं आधी बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतात, आणि ही साठ वर्षं मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे २०४४ च्या अखेरीपर्यंत हक्क वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिले असतील त्यांच्याकडे. चाल लावणं, रेकॉर्ड करणं, यूट्यूबवर टाकणं, सगळ्याला लेखी संमती घ्या. बहुतेक वारस आनंदाने देतात, पण विचारायला हवं.

वादक आणि चित्रकाराशीही एका कागदावर लिहून घ्या : मानधन किती, रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं, चित्र कार्यक्रमानंतर कुणाकडे जाणार, पोस्टरवर नावं कोणत्या क्रमाने. मैत्रीत हे बोलायला जड जातं आणि नंतर मैत्रीच जाते, अशी प्रकरणं माझ्यापर्यंत आलेली आहेत. वादकाला 'प्रवासखर्च देऊ' एवढ्यावर बोलावू नका. कवितेसाठी तो चार तालमी करणार असेल तर चार तालमींचे पैसे द्यावेत.

राशोलची_वाट

हक्कांचा प्रश्न येणारच नाही असं एक नाव सुचवते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण. गोव्यातल्या साष्टी भागात राशोलला १६१६ साली छापलं, रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. दहा हजारांवर ओव्या. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री साष्टीत येतो, इथल्या लोकांची पुराणं ऐकायची सवय बघतो आणि त्याच घाटात लिहितो. ते पुस्तक एकट्याने वाचायला नव्हतंच, लोकांसमोर मोठ्याने म्हणायला होतं. चारशे वर्षांपूर्वी साष्टीत ओवी म्हणणारा माणूस आणि समोर बसलेलं गाव, ही आपली स्पोकन वर्डची परंपरा. मराठी मंडळींनी ती ख्रिस्ती म्हणून बाजूला ठेवू नये आणि कोंकणी मंडळींनी मराठी म्हणून ठेवू नये, असं मला फार वाटतं.

त्यात मराठी भाषेच्या स्तुतीच्या ज्या ओव्या आहेत त्या घुमटाबरोबर म्हणून बघा. ओवीचे तीन चरण आणि मग आखूड चौथा. त्या आखूड चरणानंतर जी जागा राहते तिथे घुमटाचा तळवा उघडू दे.

म्हार्दोळचो भट

उत्तम सूचना. जोडीला सोहिरोबानाथ आंबिये घ्या. अठराव्या शतकातले, बांद्याचे, पण गोव्यात त्यांची पदं अजून भजनात म्हणतात. भजनी ठेका तयारच आहे, आणि कागदपत्रे यांनाही चिंता नको.

तालमात्रा

ओवीला मी तबला लावणार नाही. घुमटच बरं.

मुक्तछंदी

माझी पेडण्याच्या बोलीतली एक कविता पाठवतो. ती झाकायची कविता म्हणून घ्या. बाजाराच्या दिवसाची आहे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची. गलक्यात दोन माणसं एकमेकांना काहीतरी महत्त्वाचं सांगू पाहतात. तालमात्रांनी गलका करायचा, मी ओरडणार नाही, नेहमीच्या आवाजात म्हणत राहीन. शेवटची ओळ मात्र मोकळी हवी.

तालमात्रा

शेवटच्या ओळीचं क्रियापद काय आहे ते आधी सांगा.

मुक्तछंदी

'येतय.' मी येतो, या अर्थी.

तालमात्रा

मग त्याच्या आधीच्या शब्दापर्यंत वाजवतो.

जुवारीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. देव बरें करूं. ठरलं ते लिहितो. जागा आमच्या वाचनालयाच्या वरची खोली, पन्नास माणसं बसतील एवढीच, कारण मोठ्या नाट्यगृहात मायकाशिवाय चालणार नाही आणि आम्हाला निदान अर्धा कार्यक्रम मायकाशिवाय करायचाय. सुरुवातीला क्रिस्तपुराणातल्या ओव्या घुमटासह, मग अबोलीताईंच्या दोन कविता काहीही साथ न घेता, मग सोहिरोबानाथांचं एक पद, मग मुक्तछंदींचा बाजार. बाकीबाबांच्या दोन कविता परवानगी मिळाली तर, नाहीतर पुढच्या वेळी. रंगरेषाताईंना वह्या या आठवड्यात पोचवतो, त्यामुळे कार्यक्रम दिवाळीनंतरच. घाई करणार नाही.

पहिली तालीम येत्या रविवारी चार वाजता आमच्याकडे बोरीला. म्हार्दोळहून येणाऱ्यांनी पेटी आणू नये, तानपुरा असेल तर आणावा. राशोलची_वाट, ओव्या देवनागरीत टंकून पाठवाल का? चुलतभावाला रोमन वाचून पाठ करणं जड जातंय.

राशोलची_वाट

उद्या संध्याकाळपर्यंत पाठवते. प्रत्येक चरण वेगळ्या ओळीत आणि उजवीकडे पेन्सिलीच्या खुणांसाठी मोकळी जागा ठेवते.